खराब ब्लॉकची खूण पुसू नका

मित्रहो, राउटर सुरू होताना सिरीयल कन्सोलवर (तारा जोडून संगणकावर दिसणाऱ्या राउटरच्या संदेशांत) 'बॅड इरेजब्लॉक १२३' अशी ओळ दिसली की चिप गेली असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. नँड फ्लॅश, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर साठवणारी चिप, कारखान्यातून निघते तीच काही खराब ब्लॉक (एका वेळी पुसले जाणारे तुकडे) सोबत घेऊन. १२८ मेगाबाइटची नेहमीची एसएलसी (एका पेशीत एकच बिट ठेवणारी) चिप घ्या. २०४८ बाइटांचं एक पान, त्याला जोडून ६४ बाइटांची राखीव जागा, अशा ६४ पानांचा एक ब्लॉक आणि एकूण ब्लॉक १०२४. डेटाशीटमध्ये सहसा हमी असते ती त्यातले किमान १००४ चांगले असण्याची. म्हणजे २० खराब निघाले तरी चिप नियमात बसते.

हे खराब ब्लॉक कुठे आहेत, ते चिपवरच नोंदलेलं असतं. बहुतेक चिपांमध्ये ब्लॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानाच्या राखीव जागेतला पहिला बाइट एफएफ (सगळे बिट १) नसेल, तर तो ब्लॉक वापरायचा नाही. ही खूण म्हणजे वेगळं कुलूप वगैरे नाही, बाकीच्या डेटासारखीच लिहिलेली असते. त्यामुळे ब्लॉक पुसला की सगळे बाइट एफएफ होतात आणि खूणही जाते. मग 'पुन्हा तपासून शोधू' म्हणून चालत नाही. कारखान्यातली चाचणी कमीजास्त तापमानाला आणि व्होल्टेजला होते. तोच ब्लॉक आपल्या टेबलावर व्यवस्थित लिहिला-वाचला जाईल आणि काही महिन्यांनी दगा देईल.

म्हणून यू-बूट या बूटलोडरमधली (राउटर चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधली) 'नँड स्क्रब' ही आज्ञा मला सगळ्यात धोक्याची वाटते. 'नँड इरेज' खराब ब्लॉक सोडून पुढे जाते, 'स्क्रब' मात्र खुणांसकट सगळं पुसते. ती तसा इशाराही देते, पण घाईत 'वाय' दाबला जातो. काहीही करण्याआधी 'नँड बॅड' ही आज्ञा द्या आणि आलेली यादी कागदावर उतरवून घ्या. पुढे काही चुकलंच, तर त्या यादीवरून 'नँड मार्कबॅड'ने खुणा पुन्हा करता येतात. यादी नसेल तर चिपबद्दलची खात्री कायमची गेली.

आता प्रत्यक्षात अडचण कुठे येते ते पाहू. समजा कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) पार्टिशन, म्हणजे फ्लॅशवर त्याला नेमून दिलेला भाग, ४ मेगाबाइटचं आहे. १२८ किलोबाइटच्या हिशोबाने ३२ ब्लॉक. कर्नल ३.९ मेगाबाइटचा झाला तर त्यालाही ३२ ब्लॉक लागतात. त्या जागेत एक जरी ब्लॉक खराब निघाला, की बूटलोडर तो सोडून पुढे सरकतो आणि शेवटचा तुकडा मावतच नाही. तीच इमेज (फ्लॅशवर लिहायची तयार फाइल) शेजारच्या, अगदी त्याच मॉडेलच्या राउटरवर बिनतक्रार चालते, आणि माणूस इमेजमध्ये दोष शोधत बसतो. कर्नल साडेतीन मेगाबाइटचा असता तर चार ब्लॉकची मोकळीक राहिली असती. लिहिणारा खराब ब्लॉक वगळतो आणि वाचणारा वगळत नाही, असं झालं तरी राउटर उठत नाही. दोघांचा नियम एकच हवा.

बाकीची फ्लॅश यूबीआयकडे (खराब ब्लॉक आणि झीज सांभाळणाऱ्या लिनक्सच्या थराकडे) असेल तर काळजी बरीच कमी होते. लिनक्समध्ये यूबीआय मूळ सेटिंगनुसार दर १०२४ ब्लॉकमागे २० ब्लॉक राखीव धरतं. लिहिताना चूक आली तर डेटा दुसरीकडे हलवतं आणि संशयित ब्लॉकवर तीन नमुने लिहून, वाचून, पुसून त्याची परीक्षा घेतं. नापास झाला तरच खराब ठरवतं. 'फिक्सेबल बिट-फ्लिप' ही ओळ आली तर घाबरू नका, ईसीसीने (चुका दुरुस्त करणाऱ्या जादा बाइटांनी) चूक सुधारली आहे आणि डेटा हलवला जाईल. लक्ष ठेवायचं ते 'यूबीइन्फो' या आज्ञेतल्या दोन आकड्यांवर: खराब ब्लॉक किती, आणि राखीव किती उरले. राखीव आणि मोकळे, दोन्ही संपले की पुढचा ब्लॉक खराब होताच यूबीआय फक्त वाचण्याच्या अवस्थेत जातं; सेटिंग सेव्ह होणं थांबतं. यूबीआयची जागा नव्याने तयार करायची असेल तर 'यूबीआयफॉरमॅट'च वापरा. साध्या पुसण्याने प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसला गेला त्याची मोजणी हरवते, आणि झीज सारखी वाटण्याचं काम त्या मोजणीवर चालतं.

एकदम शंभर-दोनशे ब्लॉक सलग खराब दिसले तर मात्र चिपला दोष देऊ नका. आधी ईसीसीची मांडणी, कंट्रोलरचं टायमिंग आणि चिपचे टाके तपासा. ड्रायव्हर ईसीसीचे बाइट खुणेच्या जागेवर लिहीत असेल तर त्याला चांगले ब्लॉकही खराब दिसतात. अशा वेळी एकाही ब्लॉकवर नवी खूण होऊ देऊ नका, कारण नंतर ती कारखान्याच्या खुणेपासून वेगळी ओळखता येत नाही.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. कन्सोलला सहसा ३.३ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तरी मीटरने खात्री करा. जीएनडी (ग्राउंड), आरएक्स (डेटा घेणारी), टीएक्स (डेटा पाठवणारी) या तीनच तारा जोडा. व्हीसीसी (वीजपुरवठ्याची तार) जोडू नका. टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) रॅममध्ये इमेज चढवा, म्हणजे फ्लॅशला हात न लावता सिस्टिम उभी राहते. मग फ्लॅशची प्रत काढणाऱ्या 'नँडडंप'ने सगळी पार्टिशनं उतरवा. खराब ब्लॉक वगळायचे की भरून काढायचे, हे आज्ञेत स्पष्ट लिहा आणि फाइलच्या नावातही नोंदवा. रेडिओच्या कॅलिब्रेशनचं पार्टिशन सगळ्यात आधी घ्या, कारण ते प्रत्येक राउटरचं वेगळं असतं आणि दुसऱ्याचं चालत नाही.

चिप बदलावीच लागली तर जुनीची कच्ची प्रत राखीव बाइटांसकट नव्या चिपवर उतरवू नका. नवीचे खराब ब्लॉक वेगळ्या जागी असतात, आणि जुन्या चिपच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये बऱ्याचदा खराब ब्लॉकचा तक्ता असतो. तो नव्या चिपवर गेला की चांगले ब्लॉक बाद होतात आणि खराब वापरात येतात. नव्या चिपच्या खुणा आधी वाचा, एकेक पार्टिशन त्या ब्लॉक वगळून लिहा आणि तक्ता ड्रायव्हरला स्वतः बांधू द्या.