कोलकात्यातली बरोबरी

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०१७. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक त्या वर्षी पहिल्यांदाच भारतात होत होता, आणि त्या संध्याकाळी जपानची गाठ न्यू कॅलेडोनियाशी होती. सातव्याच मिनिटाला केइतो नाकामुरानं जपानचा गोल केला. आता गोलांची रांग लागणार, असंच कुणालाही वाटलं असतं. या जपाननं होंडुरासवर सहा गोल चढवले होते, आणि समोरच्या पोरांवर आधीच्या दोन सामन्यांत मिळून बारा गोल झाले होते. पण रांग लागली नाही. मध्यंतराला एक–शून्य, साठाव्या मिनिटाला एक–शून्य, ऐंशीव्या मिनिटालाही एक–शून्य. आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला जेकब जेनो या मुलानं चेंडू जाळ्यात धाडला. एक–एक. सामना तसाच संपला. फिफाच्या विश्वचषकात न्यू कॅलेडोनियाला मिळालेला हा पहिला गुण. तो आपल्या देशात मिळाला, म्हणून आज या संघाबद्दल बोलायचं आहे.

न्यू कॅलेडोनिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरातली बेटं. एक लांबट मुख्य बेट, शेजारी लिफू, मारे, उवेआ अशी धाकटी बेटं, आणि राजधानी नूमेआ. जमिनीत निकेल भरपूर, त्यामुळे खाणी मोठ्या. माणसं मात्र पावणेतीन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या जालना शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजार भरली होती. म्हणजे जालना शहरानं आपल्या पोरांचा संघ बांधून जपानपुढे उभा करावा, तसा हा प्रकार.

हा सार्वभौम देश नाही, हेही सांगायला हवं. १८५३ साली फ्रान्सनं ही बेटं ताब्यात घेतली आणि आजही ती फ्रान्सच्याच अखत्यारीत आहेत. स्वतंत्र व्हायचं का, यावर २०१८, २०२० आणि २०२१ असं तीनदा सार्वमत झालं. तिन्ही वेळा कौल ‘नको’ असाच आला. तिसऱ्या वेळी तर स्वातंत्र्यवाद्यांनी मतदानावर बहिष्कारच घातला होता. तिथले मूळ रहिवासी म्हणजे कानाक लोक. त्यांचा मोठा भाग स्वातंत्र्य मागतो. फुटबॉलमध्ये मात्र या बेटांचा स्वतःचा संघ आहे. २००४ पासून ती फिफाची सदस्य आहेत आणि स्वतःच्या नावानं मैदानात उतरतात.

आता २०१७ च्या त्या स्पर्धेत या मुलांचा पहिलाच सामना कुणाशी यावा? फ्रान्सशी! ८ ऑक्टोबरला, गुवाहाटीत. दोन्ही संघांतल्या मुलांच्या खिशात एकच पासपोर्ट. एका बाजूला ल्योंसारख्या बड्या क्लबांच्या अकादम्यांमध्ये घडलेली मुलं. आमीन गुइरी आणि मॅक्सांस काकेरे ही नावं पुढे युरोपातल्या फुटबॉलमध्ये सगळ्यांना माहीत झाली. दुसऱ्या बाजूला अशी मुलं, ज्यांच्या बेटांवर व्यावसायिक लीगच नाही. क्लब आहेत, पण हौशी. फ्रान्सनं मध्यंतरापर्यंतच सहा गोल केले. निकाल सात–एक लागला.

त्यातला तो ‘एक’ मला फार मोलाचा वाटतो. नव्वद मिनिटं संपत आली असताना कॅमेरून वाडेंगेसनं तो केला. सहा गोलांनी मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटालाही पुढे धावून जातो, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी सोपं नसतं. पाय जड होतात, माना खाली जातात. या मुलांच्या माना खाली गेल्या नव्हत्या.

फ्रान्स आणि या बेटांचं फुटबॉलमधलं नातं जुनं आहे, आणि त्याला एक काळी बाजू आहे. लिफूचा झाक झिमाको १९७०च्या दशकात फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळला. तिथपर्यंत पोचलेला तो पहिला कानाक. मग त्याच लिफू बेटावरचा क्रिस्तियाँ कारांब्यू आला, १९९८ साली झिदानच्या सोबतीनं विश्वविजेता ठरला. पण राष्ट्रगीताच्या वेळी तो ओठ मिटून उभा राहायचा. १९३१ साली पॅरिसला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कानाक माणसांना ‘नरभक्षक’ म्हणून कुंपणाआड उभं करून लोकांना दाखवलं गेलं होतं. त्या माणसांत कारांब्यूचे पणजोबा होते. विश्वचषक उचलणाऱ्या माणसाच्या घरात हा इतिहास होता. न्यू कॅलेडोनियाच्या पोरांनी फ्रान्सविरुद्ध गोल केला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या गोलामागे एवढं सगळं असतं. हजारो मैलांवरून आलेली ती मुलं हे सगळं मनात घेऊन खेळत होती की नुसता चेंडू पाहत होती, कुणी सांगावं. त्या वयात चेंडूच दिसतो आणि तोच दिसायला हवा.

फ्रान्सनंतर होंडुराससमोर पाच–शून्य हार. आणि मग कोलकाता.

अशा निकालांनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. मोठ्या स्पर्धेत अशा संघांना घेताच कशाला? सात–एक, पाच–शून्य, यात कुणाचं भलं? मला हा प्रश्नच पटत नाही. का, ते सांगतो. फिफाच्या ओशनिया विभागात, म्हणजे प्रशांत महासागराकडच्या देशांच्या गटात, २००६ साली मोठा बदल झाला. ऑस्ट्रेलिया हा विभाग सोडून आशियात गेला. उरला एक मोठा, तो न्यूझीलंड, आणि बाकीची बेटं. ताहिती, फिजी, वानुआतू, सॉलोमन बेटं, पापुआ न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया. यांच्यातलं अंतर समुद्राचं, तेव्हा प्रवास महाग. शेजारच्या गावाशी सामना खेळावा तसा शेजारच्या देशाशी खेळता येत नाही. वयोगटाच्या मुलांना खरी कसोटीची मॅच मिळायची ती मुख्यतः पात्रता स्पर्धेत, आणि तीही दोन वर्षांतून एकदा. २०१७ च्या फेब्रुवारीत ताहितीला ती पात्रता स्पर्धा झाली. न्यू कॅलेडोनिया अंतिम फेरीत पोचला आणि तिथे न्यूझीलंडनं त्यांना सात–शून्य हरवलं. पण अंतिम फेरीतले दोन्ही संघ भारतात येणार होते, म्हणून या मुलांना विमानाचं तिकीट मिळालं.

आता हिशेब पाहा. फेब्रुवारीत न्यूझीलंडकडून सात, ऑक्टोबरच्या आठ तारखेला फ्रान्सकडून सात, अकराला होंडुरासकडून पाच, आणि चौदाला जपानकडून एकच. सहा दिवसांत ही मुलं काय शिकली? चेंडू किती वेगानं येतो, आपल्याला विचार करायला किती कमी वेळ मिळतो, दोन बचावपटूंमध्ये किती अंतर ठेवलं की मधून पास निघत नाही. हे फळ्यावर शिकवता येत नाही. जपाननं त्या दिवशी संघात फेरबदल केले होते, हे खरं. तरी जपान तो जपानच. तिथले बदली खेळाडूसुद्धा कसून घडवलेले असतात.

त्याच पंधरवड्यात आपली मुलंही खेळत होती. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारताचे तिन्ही सामने झाले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला पोरगा. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं ब्याऐंशीव्या मिनिटाला हेडरनं गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम नुसतं दणाणलं. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं पुन्हा आघाडी घेतली. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने हरलो. गुण शून्य. एकशेतीस कोटींच्या देशाला जो गुण मिळाला नाही, तो पावणेतीन लाखांच्या बेटांना मिळाला. आपल्या मुलांना कमी लेखायला मी हे सांगत नाही. ती जीव तोडून खेळली. यजमान म्हणून जागा मिळाली आणि म्हणूनच ती तिथे पोचली, जसा न्यू कॅलेडोनिया ओशनियाच्या वाट्याच्या जागेमुळे पोचला. दाराची कडी कुणीतरी आतून काढावी लागते, मग बाहेरचा माणूस आत येतो.

कोलकात्यानंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. २०१९ मध्ये एक सुंदर गोष्ट घडली. मुख्य बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इयेंगेन या छोट्या गावचा क्लब ओशनियाचा क्लब विजेता ठरला. न्यू कॅलेडोनियातून हा मान मिळवणारा तो पहिलाच. त्या डिसेंबरला तो दोह्याला क्लब विश्वचषकात गेला. समोर कतारचा अल साद, त्याचा प्रशिक्षक बार्सिलोनाचा माजी खेळाडू चावी. हौशी खेळाडूंच्या त्या संघानं सामना जादा वेळेपर्यंत खेचला आणि मगच तीन–एक हार पत्करली. पण २०२३ साली इंडोनेशियात सतरा वर्षांखालचा संघ पुन्हा विश्वचषकात उतरला तेव्हा इंग्लंडनं दहा, ब्राझीलनं नऊ, इराणनं पाच गोल केले. स्वतःचा एकही नाही. लहान देशाचं असंच असतं. एका वर्षी जन्मलेल्या मुलांत चार चांगली निघतात, दुसऱ्या वर्षी दोन. मागे राखीव फौज नसते.

मे २०२४ मध्ये नूमेआत मोठ्या दंगली उसळल्या. मतदार यादीत बदल करणारं विधेयक पॅरिसमध्ये पुढे सरकत होतं, त्यावरून आग लागली. माणसं मेली, दुकानं, कारखाने जळाले, आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर दीडच वर्षात, २०२५ च्या नोव्हेंबरात, या बेटांची नवी मुलं कतारमध्ये विश्वचषकाला उतरली. पोर्तुगालनं त्यांना सहा–एक हरवलं, आणि पुढे तोच पोर्तुगाल विजेता ठरला. मग दुसरा सामना. जपानशी! आणि निकाल शून्य–शून्य. आठ वर्षांनी, वेगळी मुलं, वेगळं मैदान, पुन्हा जपान आणि पुन्हा बरोबरी. तो निकाल ज्यांनी पाहिला त्यांना किती आनंद झाला असेल! मला तर फार झाला.

पण जगानं ऐकला तो तिसरा निकाल. मोरोक्कोनं त्यांना सोळा–शून्य हरवलं. या स्पर्धेच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा विजय. इथे जरा थांबून कारण समजून घ्या. आता या स्पर्धेत अठ्ठेचाळीस संघ असतात, चार-चारांचे बारा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारा संघांतले आठ. ते आठ निवडताना समान गुण असले की गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, बघतात. मोरोक्को आधीचे दोन सामने हरला होता, त्यातला एक सहा–शून्य. गोलफरक उणे आठ. त्याला पुढे जायचं तर नुसता विजय पुरेसा नव्हता, जमतील तितके गोल हवे होते. सोळा झाले आणि मोरोक्को पुढे गेला. मोरोक्कोच्या मुलांना दोष कसा देणार? नियमच सांगतो, थांबू नका.

म्हणून माझं म्हणणं असं, की वयोगटाच्या स्पर्धेत एका सामन्यातला गोलफरक ठरावीक आकड्यापर्यंतच धरावा, समजा पाच. पाचव्या गोलानंतर मोठ्या संघानं आपल्या राखीव मुलांना मैदानात आणावं, त्यांनाही खेळायला मिळेल, आणि समोरच्या सोळा वर्षांच्या गोलरक्षकाला प्रत्येक चेंडूसाठी जीव टाकायला कारण उरेल. २०२९ पर्यंत ही स्पर्धा दरवर्षी कतारमध्ये भरायची आहे. नियम बदलायला वेळ आहे.

नमस्कार.