'हेलो एव्हरीवन' म्हणणारा माणूस : कार्ल हास

नमस्कार मंडळी. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांनी गाण्याचा गंध नसलेल्या असंख्य लोकांना बेथोव्हन ऐकायला शिकवलं. तेही फक्त रेडिओवरून. त्यांचं नाव कार्ल हास.

जन्म १९१३ चा, जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या स्पायर गावातला. पियानोचे पहिले धडे आईनं दिले. पुढे आर्तुर श्नाबेल यांची तालीम मिळाली. बेथोव्हनच्या पियानो सोनाटा, म्हणजे पियानोसाठीच्या तीन-चार भागांच्या मोठ्या रचना, एकूण ३२. त्या सगळ्याच्या सगळ्या सर्वांत आधी ध्वनिमुद्रित केल्या त्या या श्नाबेल यांनी! गुरू आणि शिष्य, दोघंही ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी श्नाबेल यांनी जर्मनी सोडली. १९३६ मध्ये हासही निघाले आणि अमेरिकेत डेट्रॉईटला पोचले.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथे त्यांनी पियानोच्या शिकवण्या केल्या, चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांच्या छोट्या मैफलींची, सोसायटी उभी केली, आणि पन्नासच्या दशकात रेडिओवर बोलायला लागले. १९५९ मध्ये डब्ल्यूजेआर केंद्रावर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला : 'ॲडव्हेंचर्स इन गुड म्युझिक'.

आता इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत त्या कार्यक्रमाच्या घडणीत आहे. तासाभराचा कार्यक्रम, विषय एकच. नावं अशी, की ऐकणारा आधी हसायचा. लपाछपीला इंग्रजीत 'हाईड अँड गो सीक' म्हणतात ना? हायडन या संगीतकारावरच्या भागाचं नाव 'हायडन गो सीक'! बरोक काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपी संगीतावर 'बरोक अँड इन डेट'; ऐकायला 'ब्रोक अँड इन डेट', म्हणजे कफल्लक आणि वर कर्जबाजारी. माणूस हसला की त्याची भीती जाते, आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटणाऱ्याला आधी ती भीतीच घालवावी लागते.

मग हास स्टुडिओतल्या पियानोवर एखादी सुरावट वाजवून दाखवायचे. बंदिशीचा मुखडा आधी वेगळा म्हणून दाखवावा ना, तसं. त्यानंतर रेकॉर्ड. आता वाद्यवृंदाच्या त्या सगळ्या गर्दीतही ओळखीची सुरावट आली की कान टवकारणारच. मला विचाराल तर यात संगीत सोपं केलेलं नाही. संगीत आहे तेवढंच अवघड राहिलं, ऐकणाऱ्याला फक्त कुठे पाहायचं ते कळलं.

१९७० पासून क्लीव्हलंडच्या डब्ल्यूसीएलव्ही केंद्रानं हा कार्यक्रम देशभर पुरवायला सुरुवात केली आणि तो शेकडो केंद्रांवर पोचला. नाताळच्या सुमाराला त्यांचा एक भाग लोक दरवर्षी वाट पाहून ऐकायचे. त्यात ठिकठिकाणच्या चर्चच्या घंटांचे आवाज असायचे. मानसन्मान बरेच मिळाले. त्यातला एकच सांगते : १९९७ मध्ये अमेरिकेच्या रेडिओ हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं, आणि अभिजात संगीताच्या निवेदकाला तिथे जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

२००५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ९१ व्या वर्षी ते गेले. जुने भाग त्यानंतरही दोनेक वर्षं लागत राहिले.

त्या प्रत्येक भागाची सुरुवात एकाच सुरावटीनं व्हायची, स्वतः हास यांनी वाजवलेल्या. बेथोव्हनच्या 'पथेटिक' सोनाटाचा दुसरा, संथ भाग. त्यानंतर तो भारदस्त, जर्मन वळणाचा आवाज : 'हेलो एव्हरीवन.' ज्या देशातून जीव वाचवून निघावं लागलं, तिथलंच हे संगीत, आणि गुरूकडून आलेला हा बेथोव्हन. हास तो रोज परक्या गावातल्या घराघरांत नेत होते. हे लक्षात आल्यापासून मला ती धून पूर्वीसारखी ऐकताच येत नाही.

आता तीच लावते. हेडफोन असेल तर घाला. वरची धून आणि तिच्याखाली हलत राहणारी ती बारीक लहर, दोन्ही एकटा उजवा हात वाजवतोय. पहिल्यांदा फक्त धून ऐका. दुसऱ्यांदा ती लहर.

(संगीत सुरू)