पात्यांखालची माणसं

(दृश्य: जुन्या हॅन्डीकॅमवरची टेप. पहाटेचा अंधार. पांढऱ्या हेलिकॉप्टरांची रांग. टॉर्चचे उजेड हलताहेत.)

ही हेलिकॉप्टरं भारतीय वायुदलाची. रंग पांढरा आणि अंगावर काळ्या अक्षरांत यूएन, कारण ती संयुक्त राष्ट्रांच्या कामावर आलेली आहेत. ठिकाण गोमा. काँगोच्या पूर्व टोकाचं, किवू सरोवराच्या काठचं, रवांडाच्या सीमेला खेटून असलेलं शहर. पहाटेचे पाच वाजलेत. विषुववृत्त जवळ, त्यामुळे इथं बारा महिने सहाच्या आसपास उजाडतं. उजाडलं की उड्डाण. त्याआधी सगळं तपासून झालं पाहिजे, म्हणून हे टॉर्च.

मुंबईत त्याच वेळी साडेआठ झालेले असतात. करी रोडला लोकल भरून येत असते. टॉर्च धरलेल्या या माणसाचं घर तिथून पाच मिनिटांवर, लालबागच्या एका चाळीत. त्यांनी आम्हाला एकच अट घातली होती. माझं नाव घालू नका, काम दाखवा. म्हणून आम्ही त्यांना नुसतं काका म्हणणार आहोत. वायुदलात ते एअरफ्रेम फिटर होते. हेलिकॉप्टरचा सांगाडा, पाती, त्यांचे जोड, हे सगळं त्यांच्या ताब्यात.

(दृश्य: चाळीतली खोली. शिलाईच्या डब्यात ठेवलेल्या मिनी-डीव्ही टेपा. काका एकेक उलटून बघतात.)

गोम्याचं हे चित्रण कुठल्याही वृत्तवाहिनीनं केलेलं नाही. तळावरच्या तंत्रज्ञांनी वर्गणी काढून घेतलेल्या कॅमेऱ्यावर, काम संपल्यावर किंवा कामाच्या मधल्या फटीत जमेल तसं ते टिपलंय. त्यामुळे यात भाषणं नाहीत, पाहुणे नाहीत. हात आहेत, नट आवळायचे पाने आहेत, तेलाचे डबे आहेत. लांब तळांवर हेलिकॉप्टर रोज उडतं ते कुणामुळे, हे बघायचं असेल तर याहून चांगला पुरावा आम्हाला मिळाला नाही.

भारतीय वायुदल याआधीही काँगोत गेलं होतं, १९६१ साली. पाच क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा बॉम्बर विमानं आग्र्याहून निघाली आणि काँगोतल्याच कामिना तळावरून लढली. पुढे १९९९च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी तिथं नवी मोहीम उभी केली आणि २००३ साली वायुदलाची हेलिकॉप्टरं पुन्हा काँगोत उतरली. माणसं आणि सामान वाहायला एमआय-१७, आणि हल्ला करू शकणारी एमआय-२५. काँगोचा विस्तार तेवीस लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे भारताच्या सुमारे सत्तर टक्के. पूर्व भागात रस्ते थोडे आणि पावसात त्यातलेही बंद. डोंगरावरच्या चौकीला तांदूळ पोचवायचा, जखमी शिपाई खाली आणायचा, निरीक्षकांना गावात सोडायचं, सगळं हेलिकॉप्टरनं.

(दृश्य: टेप. काका हेलिकॉप्टरच्या डोक्यावर चढलेले. जवळून: पात्याचं मूळ.)

आता हे नीट बघा. एमआय-१७ला वरच्या बाजूला पाच पाती. प्रत्येक पात्याच्या आत मुळापासून टोकापर्यंत अॅल्युमिनियमचा पोकळ कणा असतो आणि त्या पोकळीत दाबानं हवा भरून ठेवलेली असते. कण्याला केसाएवढी चीर गेली तरी हवा सुटते, दाब उतरतो. पात्याच्या मुळाशी हे जे पारदर्शक टोपण दिसतंय, त्याच्या आत मग लाल रंग वर येतो. लाल दिसलं की हेलिकॉप्टर जमिनीवर. मग पलीकडे कितीही मोठा अधिकारी बॅग घेऊन उभा असो.

पाच पाती, पाच टोपणं. काका प्रत्येकापाशी थांबतात, टॉर्च तिरपा धरतात, अंगठ्यानं टोपण पुसतात आणि पुन्हा बघतात. आजही दाखवताना त्यांचा अंगठा तसाच फिरतो. अंगठ्यानं पुसायचं कारण राख.

(दृश्य: टेप. दिवसा. निरागोंगो डोंगर, माथ्यावर धूर. खाली धावपट्टी.)

हा निरागोंगो. उंची ३,४७० मीटर, जिवंत ज्वालामुखी. १७ जानेवारी २००२ला तो फुटला आणि लाव्हा शहरातून वाहत थेट विमानतळावर आला. धावपट्टीचा उत्तरेकडचा भाग त्याखाली गाडला गेला. कॅमेरा डावीकडे वळतो तेव्हा दिसतं ते काळं, खडबडीत पठार म्हणजे तोच थिजलेला लाव्हा. भारतीय तुकडी आली तेव्हा उरलेल्या धावपट्टीवर काम चालू होतं आणि डोंगराच्या पोटातली धग कायम होती. रात्री ढग तांबूस दिसत, काका सांगतात. ते दृश्य टेपवर आहे, पण कॅमेरा साधा होता, नारिंगी ठिपक्यापलीकडे काही हाती लागत नाही.

डोंगरातून राख यायची आणि गंधकाचा वायूही. ओलाव्यात तो मिसळला की आम्ल होतं आणि उघड्या धातूला खातं. राख तर काचेसारखीच असते, बारीक आणि धारदार. पाती फिरताना ती समोरून घासत जाते. इंजिनाच्या तोंडाशी धूळ अडवणारे घुमट बसवलेले असतात, त्यांच्यातही ती जमते. म्हणून धुणं. प्रत्येक दिवसाच्या शेवटी धुणं, पुसणं, तेल लावणं, सांध्यासांध्यात ग्रीस भरणं. टेपवर याचीच चित्रं सगळ्यांत जास्त आहेत. बनियनवर उभे असलेले जवान, हातात फडकी, पायाखाली पाण्याचे ओघळ. हे काम दाखवण्यासारखं नाही असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की राखेत रोज उडणारं यंत्र रोज परत येत राहिलं ते याच फडक्यांमुळे.

(दृश्य: टेप. इंजिनाची झाकणं उघडली जातात. दोन तंत्रज्ञ त्यांच्यावर उभे.)

एमआय-१७ची एक सोय बघा. इंजिनाच्या बाजूची झाकणं खाली उघडली की तीच उभं राहायचा फलाट होतात. शिडी, मचाण काही लागत नाही. जिथं हँगर धड नाही अशा ठिकाणासाठीच हे यंत्र बांधलेलं. डावीकडचा इंजिन फिटर गिअरबॉक्समधून एक छोटा चुंबकी प्लग काढतोय. तेलात धातूचे कण फिरत असतील तर ते या चुंबकाला चिकटतात. तो प्लग बोटांवर घेऊन उजेडात धरतो. मेंदीच्या पानावरच्या धुळीएवढे कण चालतात, त्याहून मोठा चकाकता तुकडा आढळला की गिअरबॉक्सच्या आत काहीतरी झिजतंय. मग पुढची चौकशी.

आणि हा फळा. पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. दहाचा पाना दहाच्या आकृतीवर, कटर कटरच्या आकृतीवर. काम संपलं की सगळं आपापल्या जागी. एक जागा रिकामी दिसली तर तो पाना कुठे आहे हे कळेपर्यंत कुणी जेवायला जात नाही आणि हेलिकॉप्टर हलत नाही. राहिलेला एक पाना पाती हलवणाऱ्या दांड्यांमध्ये अडकला तर वर बसलेल्या सगळ्यांचं काय होईल, हे या माणसांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

(दृश्य: टेबल. जाड वही. एकेक जण वाकून सही करतो.)

वायुदलात याला फॉर्म ७०० म्हणतात. प्रत्येक हेलिकॉप्टरचा स्वतंत्र. उड्डाणाआधीची तपासणी, दोन फेऱ्यांमधली तपासणी, दिवसाच्या शेवटची तपासणी, प्रत्येक वेळी प्रत्येक ट्रेडची सही. इंजिनवाल्याची, एअरफ्रेमवाल्याची, इलेक्ट्रिकलवाल्याची, शस्त्रवाल्याची. सगळ्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करून यंत्र ताब्यात घेतो. काही बिघडलं तर सगळ्यांत आधी हीच वही उघडली जाते. काकांची सही आम्ही त्यांच्याकडून कागदावर करून घेतली. साधी, जोडाक्षरं सुटी सुटी, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी. बेळगावजवळ सांब्र्याला भरतीनंतरचं पहिलं प्रशिक्षण झालं तेव्हापासून त्यांनी ती बदललेली नाही. ज्याचं काम त्याचं नाव वाचता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

सहा वाजता पहिलं हेलिकॉप्टर सुरू होतं. आवाज इतका, की टेपवर फक्त खरखर आहे. हातांच्या खुणांनी सगळं बोलणं चालतं. समोर उभा असलेला तंत्रज्ञ वैमानिकाकडे बघतो, वैमानिक त्याच्याकडे.

वजनाचा हिशेबही इथं वेगळा. गोमा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर. हवा विरळ, आणि दुपारी तापली की आणखी विरळ. सपाटीवर जे यंत्र चार टन उचलू शकतं ते इथं तेवढं उचलत नाही. म्हणून प्रत्येक प्रवासी वजनकाट्यावर, प्रत्येक पोतं वजनकाट्यावर. जड फेऱ्या सकाळी, कारण दुपारी ढग दाटतात आणि पाऊस कोसळतो. पावसात हेलिकॉप्टर परतायला उशीर झाला की खालची माणसं धावपट्टीच्या कडेला उभी राहतात. टेपमध्ये असा एक लांबलचक तुकडा आहे. सगळ्यांच्या माना डोंगराकडे. कुणी बोलत नाही. आम्ही तो कापलेला नाही.

(दृश्य: दूरध्वनीसाठी रांग. नंतर चाळीचा जिना, काकू.)

रात्री घरी फोन. काकू सांगतात, आज काय केलंत असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: नट आवळले. शेजारी विचारायचे, तुमचे मिस्टर आफ्रिकेत विमान चालवतात का? त्या हो म्हणायच्या, कारण नाही म्हटलं की पुढे समजावत बसावं लागे. नवऱ्याचं काम त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते आमच्याबरोबर, ही टेप लागली तेव्हा. त्यांचा चेहरा आम्ही चित्रित केलाय. तो बघा.

(दृश्य: टेप. पत्र्याची शेड. काळ्या मातीची लहान गणेशमूर्ती. आरती.)

गणपती तिथंही बसला होता. शाडू नव्हती, म्हणून लाव्हाची काळी माती मळून एका कॉर्पोरलनं मूर्ती घडवली. आरतीला पंजाबचा, केरळचा, आसामचा जवान. टाळ म्हणून दोन पान्यांचा आवाज ऐकू येतो. ते पाने आरती संपली की फळ्यावर परत गेले, हे काका आवर्जून सांगतात.

मारामारीचं चित्रण टेपवर नाही. २००६ साली साके गावाजवळ आणि पुन्हा २००८ साली भारताच्या लढाऊ हेलिकॉप्टरांनी गोम्याकडे येणाऱ्या बंडखोरांवर मारा केला. २०१० साली किरुंबाच्या चौकीवर तीन भारतीय जवान मारले गेले. २०११ साली लढाऊ हेलिकॉप्टरं भारतात परत आली. जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या बंडखोर गटानं गोमा ताब्यात घेतलं आणि तो विमानतळ बंद पडला.

(दृश्य: जुहूची धावपट्टी, कुंपणाबाहेरून. हेलिकॉप्टर वर उठतं.)

निवृत्तीनंतर वायुदलाचे बरेच तंत्रज्ञ मुलकी हँगरमध्ये काम धरतात. जुहूहून रोज हेलिकॉप्टरं समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे जातात. काकांनीही इथल्या एका हँगरमध्ये काही वर्षं काढली. इथं राख नव्हती, पण खारा वारा होता आणि धातूला तोही खातो. धुणं, पुसणं, तेल, ग्रीस, सही, सगळं तेच. तरुण मुलांना ते पहिल्या दिवशी फळा दाखवायचे.

पदकं, छायाचित्रं, मुलाखती बहुतेक उडवणाऱ्याच्या वाट्याला येतात. वैमानिकाचं धाडस खरंच आहे, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. पण कॉटन ग्रीनच्या निवड केंद्रासमोर आजही जी पोरं पहाटेपासून रांगेत उभी असतात, परळची, कुर्ल्याची, रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीनं आलेली, त्यांतल्या निवड होणाऱ्या अनेकांच्या हाती पाना येणार आहे. ते काम कसं असतं हे त्यांना दाखवायला आपल्याकडे काय आहे? काही फोटो, आणि या टेपा.

(दृश्य: जवळून, एका टेपवर पांढरे ठिपके.)

हे ठिपके बुरशीचे. मुंबईच्या पावसाळी हवेत कपाटात पडून राहिलेल्या टेपांवर ती चढते. काकांच्या दोन टेपा अशाच गेल्या. तुमच्या घरात, तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत, परदेशातल्या तळावरची अशी टेप असेल तर ठिपके दिसताच ती मशीनमध्ये घालू नका, बुरशी मशीनला लागते आणि पुढच्या टेपाही खराब होतात. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, टेप साफ करून संगणकावर उतरवून देणारा माणूस गाठा. आणि वडील समोर असतील तर आजच त्यांच्या शेजारी बसा, टेपमध्ये कोण कोण दिसतं ते विचारा आणि डबीवर प्रत्येकाचं नाव, ट्रेड आणि साल लिहून ठेवा.