उपऱ्या दंडाची गोष्ट

मंडळी, पंजाबी इंटरफेसबद्दलची फॉन्टची तक्रार बहुतेक वेळा एवढीच येते: "अक्षरं विचित्र दिसतायत." एवढ्यावर काही करता येत नाही. चौकोन दिसतात, अक्षर तुटतं, की सगळं वाचता येतं पण डोळ्याला खुपतं? तिन्ही दुखणी वेगळी. चौकोनांचं सोपं आहे. यंत्रावर गुरमुखीचा, म्हणजे पंजाबीच्या लिपीचा, फॉन्टच नाही, तो घाला. आज बोलायचंय ते खुपणाऱ्याबद्दल, कारण त्याची दाद कोणी घेत नाही.

पंजाबी वाक्य दंडानं, म्हणजे उभ्या रेघेनं (।), संपतं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, गुरमुखीचा स्वतःचा दंड नाहीच. ०९६४ क्रमांकाचा दंड देवनागरीच्या खणात बसलाय आणि बंगाली, गुरमुखी सगळ्यांनी तोच वापरायचा. आता फॉन्ट निवडला जातो तो वाक्यासाठी नव्हे, अक्षरासाठी. प्रणालीकडे फॉन्टची क्रमवार यादी असते. यादीतल्या पहिल्या फॉन्टात हे अक्षर आहे का? नसेल तर दुसऱ्यात बघ. म्हणजे यादीत देवनागरी फॉन्ट गुरमुखीच्या आधी असला, तर अख्खं वाक्य गुरमुखी फॉन्टमधून येतं आणि शेवटचा दंड तेवढा शेजारच्या घरातून. तो जाड दिसतो, उंच दिसतो. त्याहून वाईट म्हणजे तो आपल्या फॉन्टची उंची सोबत घेऊन येतो, त्यामुळे दंड असलेली ओळ बाकीच्यांपेक्षा ऐसपैस होते. सूचनेच्या चौकटीत शेवटचीच ओळ खाली सरकलेली दिसली की मी आधी दंडावर संशय घेतो.

विंडोज ८ पासून आलेल्या 'निर्मला यूआय'मध्ये देवनागरी आणि गुरमुखी दोन्ही आहेत, त्यामुळे तिथे हा प्रकार सहसा दिसत नाही. म्हणूनच विंडोजवर तपासणाऱ्याला लिनक्सवाल्याची तक्रार खोटी वाटते. दोघंही खरं बोलत असतात!

दुरुस्ती कुठून सुरू करायची? अंदाज बांधू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये प्रत्यक्ष कुठला फॉन्ट रंगवला गेला ते दिसतं. लिनक्सवर 'एफसी-मॅच' या फॉन्ट शोधून देणाऱ्या आज्ञेला पंजाबीची भाषाखूण देऊन विचारा. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत, लिहिलेलं नाव आणि पडद्यावर उतरलेला फॉन्ट यांत अनेकदा फरक निघतो. मग मजकुरावर भाषेची खूण लावा, आणि नुसती 'पीए' नको, 'पीए-गुरु' लावा. पाकिस्तानातली पंजाबी शाहमुखीत, म्हणजे उर्दूसारख्या लिपीत, लिहितात आणि तिलाही 'पीए' हा भाषासंकेत लावला जातो. त्यानंतर त्या खुणेपुरती फॉन्टची यादी वेगळी करून गुरमुखी फॉन्ट देवनागरीच्या आधी ठेवा. त्या फॉन्टात दंड आहे ना, हेही बघून घ्या, नाहीतर केलेलं सगळं फुकट. भाषेची खूण किती कामाची असते हे आपल्याला सांगायला नको. ती नसली की मराठी मजकुरात हिंदी वळणाचे ल आणि श येऊन बसतात.

ठळक अक्षरांचं थोडक्यात सांगतो. फॉन्टात ठळक वजन नसेल तर प्रणाली साध्या अक्षराला रेघोट्या मारून जाड करते. गुरमुखीत शिरोरेषेवर टिप्पी म्हणजे पालथी वाटी, अद्धक म्हणजे सुलटी. बारीक आकारात दोन्ही भरून गेल्या की कुठली कुठली, ते कळत नाही. 'बंद करो'वर टिप्पी आहे, 'अग्गे'वर अद्धक. दोन्ही बटणांवरचे शब्द. 'खोल्हो'तला पायातला ह सुद्धा तपासा. तो खाली न जाता हलंतासकट शेजारी उभा राहिला, तर फॉन्ट किंवा अक्षरजुळणी करणारी यंत्रणा जुनी आहे.

जुने फॉन्ट हा आणखी एक त्रास. 'अनमोल लिपी'त पंजाबी हा शब्द पी, एम, जे, डब्ल्यू, बी, आय असा रोमन कळांनी साठतो. फॉन्ट बदलला की उरते ती रोमन अक्षरांची खिचडी. मराठीत श्रीलिपी या अशाच जुन्या फॉन्टच्या फाइली उघडलेल्यांना हे दुःख परिचयाचं आहे. इथे फॉन्टची यादी कितीही बदला, उपयोग नाही. मजकूरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

आणि आता अनुवादकांची खोडी. दंड वेडावाकडा दिसतो म्हणून काही जण कीबोर्डवरची उभी रेघ टाइप करतात. दिसायला ठीक, पण दंड शोधायला गेलात तर ती सापडणार नाही, आणि उद्या यादी दुरुस्त केलीत तरी ती रेघ रोमन फॉन्टमधूनच येत राहील. म्हणून यादीला हात लावण्याआधी अनुवादाच्या फाइलीत त्या रेघा शोधून काढा.