मले माहीत आहे, सर

नमस्कार, श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी आमची बदली अमरावतीहून पुण्याला झाली. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. रविवारी आजीचा फोन आला आणि तिनं नेहमीसारखं आमच्या वऱ्हाडी बोलीत विचारलं, "काय करून राहिला रे राजा?" हा एकदम चिडला. "आजी, असं नको ना बोलू! 'काय करतोयस' म्हण." आजी गप्प झाली. मीही.

मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. पोट दुखायचं ते सोमवारी सकाळी, रविवारी कधीच नाही. डबा अर्धा परत यायचा. एका रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तो बोलला. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रश्न विचारला होता आणि याच्या तोंडून निघालं, "मले माहीत आहे, सर." वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं नावच 'मले' पडलं. मधल्या सुट्टीत तीन-चार जण त्याच्यामागून चालत, "ए मले, काय करून राहिला?" त्यानं वर्गात हात वर करणं सोडून दिलं होतं.

त्या रात्री माझं चुकलं. मी म्हणाले, "अरे, लक्ष नको देऊ. आपोआप थांबतील." आपण आईबाप हे किती सहज म्हणतो! पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आईला सांगून काही होत नाही. पुढचे पंधरा दिवस त्यानं मला शाळेतलं काहीही सांगितलं नाही. त्याच्या बाबांचा सल्ला दुसऱ्या टोकाचा होता, "तूही दे एक ठेवून." मुलगा अंगानं बारीक, समोर चौघं. तो कोणाला ठेवून देणार होता?

थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो? स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी 1970च्या दशकापासून शाळकरी मुलांमधल्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं, आणि ज्याला दुखावलं जातं त्याचं बळ कमी असणं. मित्र मित्राला 'चष्मिस' म्हणतो आणि दोघंही हसतात, ते वेगळं. आमच्याकडे हसणारे चार होते आणि न हसणारा एक.

मी त्याला रिद्धपूरची गोष्ट सांगितली. आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं गाव. तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. गाडगेबाबांची कीर्तनं वऱ्हाडीत होत आणि माणसं ती रात्र रात्र ऐकत. त्याचे डोळे चमकले. पण थोड्या वेळानं म्हणाला, "आई, हे मी त्यांना मधल्या सुट्टीत कसं सांगू?" त्याचं बरोबर होतं. अभिमान हवाच, पण त्या क्षणी तोंडात एक वाक्यही हवं.

मग आम्ही रोज संध्याकाळी दहा मिनिटं सराव केला. मी चिडवणारा मुलगा व्हायचे. लांब उत्तर द्यायला गेला की त्याचा आवाज कापायचा. उलट शिवी दिली की भांडण वाढणार, हे त्यालाही कळत होतं. शेवटी तीनच शब्द बसले: "हो, वऱ्हाडी आहे." आवाज शांत, नजर समोर, आणि बोलून झालं की चालू पडायचं. चिडवणाऱ्याला समोरच्याचं रडणं नाहीतर संताप हवा असतो. मुलांचा 'चिडका बिब्बा' हा शब्दच ते सांगतो. पहिल्या दिवशी त्याला ते तीन शब्द जमले नाहीत. चौथ्या दिवशी जमले.

शाळेत मी उशिरा गेले, आधी जायला हवं होतं. जाताना तारखा आणि नेमके शब्द कागदावर लिहून नेले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक अक्षर टाकलं नाही. तिथं मुलांचं राहतं बाजूला आणि मोठ्यांचं भांडण पेटतं. वर्गशिक्षिकांना एकच विनंती केली, वर्गासमोर कोणाला उभं करू नका. त्यांनी मोठं शहाणपणाचं काम केलं. चिडवणाऱ्या मुलांशी त्या एकांतात बोलल्याच, पण नुसतं हसणाऱ्या दोघांनाही वेगवेगळं बोलावलं. फिनलंडमध्ये शाळांमधला छळ थांबवण्यासाठी जो कार्यक्रम आखला गेला, त्यातही बघ्या मुलांवरच मोठा भर आहे. बघे हसायचे थांबले की चिडवण्यातली मजा जाते. त्या दोघांपैकी एक जण डबा खायला याच्या बाकावर येऊन बसू लागला. माझ्या मते सगळ्यात जास्त कामी आला तो हा एक मुलगा.

प्रत्येक गोष्ट अशी घरी निभावत नाही. जातीवरून, धर्मावरून बोलणं, अंगाला हात लावणं, पैसे काढून घेणं, मोबाईलवर फोटो फिरवणं, हे मुख्याध्यापकांकडे त्याच दिवशी लेखी गेलं पाहिजे. मूल 'मला नकोच हे सगळं' असं म्हणू लागलं तर वाट बघू नका. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या आधारासाठी टेली-मानसचा 14416, हे दोन्ही नंबर मोफत आहेत आणि दिवसरात्र चालू असतात. ते मुलालाही पाठ करून द्या.

आमच्याकडे सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. एक मुलगा अजून अधूनमधून 'मले' म्हणतो. पण ते आता मला त्याच दिवशी, जेवताना कळतं. परवा तो डब्यातला मित्र घरी आला होता. हॉलमधून त्याचा आवाज आला, "तू काय करून राहिलंय?" आणि आमचा मुलगा गंभीरपणे त्याला सांगत होता, "असं नाही रे. 'काय करून राहिला' म्हण. परत म्हण बरं."