आंदणात ठाणं होतं का?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘राजघराण्यांतल्या सोयरिकी : प्रेम आणि प्रतीकं’. त्याकडे येतोच. आधी ठाणेकर म्हणून एक जुनं दुखणं सांगतो.

मुंबई आंदणात गेली, हे शाळेतलं पोरही सांगतं. 1661च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आफ्रिकेतलं टँजिअर बंदर, भलीमोठी रोकड आणि मुंबई द्यायचं ठरलं. रोकड आली ती अर्धीच, त्यातही नाणी थोडी आणि साखर फार. (हशा) हसू नका, आपल्याकडेही मानपानाच्या यादीवरून वरात अडलेली मी पाहिलीय. आमच्याच घरातली. तो किस्सा नको, मंडळी पुढच्या रांगेत बसलीत.

तर 1662 साली इंग्रजांचं आरमार आलं आणि म्हणालं, मुंबई म्हणजे शेजारच्या साष्टी बेटासकट, ठाण्यासकट. पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, छे, मुंबई बेटापुरतंच. झालं! मुंबईचा ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी सर अब्राहम शिपमन शेकडो शिपाई घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला. तापाने माणसं पटापट गेली, 1664 साली तो स्वतःही गेला. अखेर 1665च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने नुसतं मुंबई बेट ताब्यात घेतलं. ठाणं पोर्तुगीजांकडेच राहिलं, आणि खाडीतून जाणाऱ्या इंग्रजांच्या मालावर ठाण्याला जकात बसू लागली. म्हणजे मुलुंडला आपण परवापरवापर्यंत भरत होतो तो टोल, तेव्हा आपल्या काठावर घेत होते!

आणि प्रेम? नवऱ्याने आपली रखेल, लेडी कॅसलमेन, राणीच्याच दासींच्या यादीत घातली. कॅथरीनने नाव खोडलं. पुढे ती बाई समोर आणून उभी केली, तेव्हा राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती कोसळली. मुंबईचा इतिहास सांगताना हिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, याचा मला राग आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

मूळ मुद्दा पटकन. सोयरीक हा तह असतो आणि नवरी त्यावरचा शिक्का. शिवाजीराजांकडे फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाई आल्या, पुढे लेक सखूबाई त्याच घरात दिली. शिर्क्यांशी तर साटंलोटं : येसूबाई इकडे, राजकुंवरबाई तिकडे, गणोजींना. पण वतनाचं जमेना, तेव्हा तेच गणोजी मेहुण्याला, संभाजीराजांना, सोडून मोगलांकडे गेले. शिक्का होता, पण तह टिकला नाही.

प्रतीकांत खांडा राहिला. वर येऊ शकत नसेल तर त्याची तलवार यायची आणि नवरीचं लग्न तिच्याशी लागायचं. यावर तासभर बोलता येईल, पण हॉलवाले दिवे घालवायला लागलेत.

ठाण्याचं मात्र सांगूनच खाली बसतो. 1737 साली ते मराठ्यांनी लढून घेतलं. इंग्रजांना आंदणात न मिळालेलं ठाणं हाती लागलं 1774च्या डिसेंबरात, किल्ल्याला तोफा लावून. त्या किल्ल्यात आता तुरुंग आहे.