चादरीवरचा पिक्चर

आम्ही काढलेल्या व्हिडिओतली ही शहापूरची गच्ची. कपड्यांच्या दोरीवर पांढरी चादर, खाली चार विटांवर प्रोजेक्टर. पोरं सगळी आमच्याच गल्लीतली आणि मधी कानटोपी घालून बसलाय तो आमचा दोस्त, कॅन्सर झालाय त्याला, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पिक्चर इंग्लिश, २०११ चा, फिफ्टी फिफ्टी. सिएटलचा ॲडम, वय २७, रेडिओवर काम करतो, दारू नाही सिगारेट नाही, रिकामा रस्ता असला तरी सिग्नलला थांबतो, आणि पाठ दुखते म्हणून जातो तर मणक्यात कॅन्सर. लेखक विल रायझरला विशीत स्वतःलाच मणक्याचा कॅन्सर झालेला आणि तेव्हा त्याच्याबरोबर होता त्याचा दोस्त, नट सेथ रोगन. पिक्चरमधल्या दोस्ताचं, काइलचं काम त्यानंच केलंय, म्हणजे खऱ्या दोस्तानंच दोस्ताचं काम.

आता हे बघा. ॲडम डोक्यावरचे केस काढतोय, ट्रिमर काइलचा. ॲडम विचारतोय, हा तू अंगावर कुठं कुठं फिरवतोस? ॲडमचं काम करणाऱ्या जोसेफ गॉर्डन-लेव्हिटनं केस खरोखरचे काढलेत, म्हणजे रिटेकचा प्रश्नच नव्हता. मराठीत सांगणारा आमचा पोरगा हितं अडला, कारण मागं काकू बसलेल्या. शेवटी सांगितलं त्यानं, आणि पहिल्या काकूच हसल्या. त्यांचे चेहरे बघा.

आपल्याकडं कॅन्सर शब्द घरात कुणी काढत नाही, मोठा आजार म्हणतात, भेटायला येणारा दारातच आवाज बारीक करतो, मिरजेला दवाखान्यात नेताना शेजाऱ्याला पाहुण्याकडं निघालोय म्हणून सांगतात. दोस्तानं आम्हाला तोंडावर सांगितलंय, बाबांनो, असं गप्प बसायला येऊ नका.

काइलच्या बाथरूममधलं हे पुस्तक. कॅन्सरच्या माणसाला साथ कशी द्यायची याचं, ओळींवर खुणा केलेल्या. दिवसभर चेष्टा करणारा हा माणूस गुपचूप अभ्यास करत होता. हितं आम्ही काही बोलत नाही.

दोस्ताची केमो, उलट्या, मिरजेच्या फेऱ्या आम्ही शूट केल्या नाहीत. ऑपरेशन झालंय, तपासण्या चालू आहेत.

हे मात्र आहे, पिक्चरच्या दुसऱ्या दिवशीचं, गल्लीच्या कोपऱ्यावरचं सलून. उशीवर केस पडायला लागलेले, म्हणून सगळेच काढायचे त्यानं ठरवलं. टोपी काढली, खुर्चीत बसला, मशीन सुरू झाली तसा आरशातनं सलूनवाल्याला विचारतोय, मामा, ही कुठं कुठं फिरवता? मामांनी पिक्चर बघितलेला नाही, ते आपले शपथेवर सांगतायत, आजच धुतलीय रे बाळा.

हलतोय तो कॅमेरा. तसाच ठेवलाय.